सूर्यशक्तीवर उडणारी लष्करी विमाने पन्नास वर्षांनंतरही प्रयोगातच का अडकली आहेत?

प्रश्न : गच्चीवरचा सूर्य

सौरशक्तीवर चालणारे पहिले चालकविरहित विमान ४ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावरून उडाले. त्याचे नाव ‘सनराइज’. रॉबर्ट बाउचर यांच्या ‘ॲस्ट्रो फ्लाइट’ कंपनीने ते बनवले होते आणि त्यासाठीचा पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेकडून आला होता. म्हणजे या कल्पनेत लष्कराचा हात अगदी पहिल्या दिवसापासून आहे. त्यानंतर थेट २०२५ कडे पाहिले, तर एअरबसच्या ‘आल्टो’ या उपकंपनीचे ‘झेफर’ विमान केनियातून २० फेब्रुवारीला उडाले आणि २८ एप्रिलपर्यंत, म्हणजे तब्बल ६७ दिवस, एकदाही खाली न उतरता हवेत राहिले. ही दोन टोके पाहिली की प्रगती डोळ्यांत भरते. तरीही आज जगातल्या युद्धांच्या बातम्यांत जी ड्रोन दिसतात, ती पेट्रोलवर, जेट इंधनावर किंवा साध्या बॅटरीवर चालणारी असतात. सौर ड्रोन कुठेच दिसत नाही.

मी विमानशास्त्राचा विद्यार्थी नाही. घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा सौर संच बसवल्यापासून विजेच्या हिशेबाची गोडी लागली, इतकाच माझा या विषयाशी संबंध. त्यामुळे माझा अंदाज असा की पॅनेलची कार्यक्षमता अजून कमी असल्यामुळे गाडी अडली असावी आणि ती वाढली की प्रश्न आपोआप सुटेल. हा अंदाज बरोबर आहे का? आणि अशी विमाने महिनोन्महिने वर राहू लागली, तर सैन्याला त्यातून नेमके काय मिळेल, जे उपग्रहाकडून मिळत नाही?

प्रतिसाद १ : विमानविद्या

आपला अंदाज बहुतेक जणांचा असतो, पण तो बरोबर नाही. अडचण दिवसाची नसून रात्रीची आहे. आपल्याला विजेच्या बिलातली युनिटे परिचित आहेत, म्हणून त्याच भाषेत हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण झेफरच्या आकाराच्या विमानाला साजेसे आहेत.

विमानाचे वजन ७५ किलो धरू. लांब आणि अरुंद पंखांच्या चांगल्या विमानात उचल ही ओढीच्या तीसपट असू शकते, म्हणजे हवेचा विरोध मोडून पुढे जाण्यासाठी अवघे अडीच किलो वजन तोलण्याइतका जोर पुरतो. सुमारे २० किलोमीटर उंचीवर अशा विमानाला ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावा लागतो. योग्य एककांत या दोन आकड्यांचा गुणाकार केला की ६०० वॅटच्या थोडे वर उत्तर येते. मोटर आणि प्रॉपेलर यांतली गळती धरली तर ८०० वॅट, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दणकट मिक्सरला लागते तेवढी वीज. विमान आपल्या पंखांच्या मानाने किती कमी खाते, हे पाहून मी स्वतः पहिल्यांदा चकित झालो होतो.

आता दिवसाची मिळकत पाहा. त्या उंचीवर ढग नाहीत, धूळ नाही, ऊन दर चौरस मीटरला सुमारे १३०० वॅटचे. पंखांवर २५ चौरस मीटर सौरघट बसवले आणि त्यांची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर भर दुपारी ८ किलोवॅट मिळतात. गरजेच्या दहापट! पॅनेल आणखी सुधारले, तरी या सुबत्तेत थोडी भर पडेल, एवढेच.

रात्र १२ तासांची धरली तर जवळजवळ १० युनिटे साठवून ठेवावी लागतात. किलोमागे २०० वॅट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या, तर त्यांचेच वजन ५० किलो होते. पंख, मोटर, सौरघट, दिशादर्शक यंत्रे आणि कॅमेरा या सगळ्यांसाठी उरतात २५ किलो, आणि तेवढ्यात असे विमान बनत नाही. मोठे विमान बनवले तर ओढ वाढते, ओढ वाढली की बॅटरी वाढते आणि कुत्रे आपल्याच शेपटीमागे धावू लागते. हाच आकडा किलोमागे ४०० वॅट-तासांवर नेला की बॅटरीचे वजन २५ किलोवर, म्हणजे एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि विमान शक्य होते. झेफरच्या २०१० च्या आवृत्तीत लिथियम-गंधक बॅटऱ्या होत्या. त्यांच्या बळावर ते विमान त्या जुलैत ॲरिझोनातल्या युमा इथल्या लष्करी चाचणी क्षेत्रावर १४ दिवस राहिले. पुढच्या आवृत्तीत सिलिकॉनच्या ऋणाग्राच्या (म्हणजे ॲनोडच्या) लिथियम बॅटऱ्या आल्या आणि दिवसांचा आकडा वाढत गेला. या क्षेत्रातली खरी प्रगती रसायनशास्त्रज्ञांची आहे, सौरघटवाल्यांची त्या मानाने थोडी.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. दिवसा उरलेल्या विजेवर विमान वर चढत राहते आणि सूर्य मावळल्यावर हळूहळू घसरत खाली येते, म्हणजे उंची हीसुद्धा एक बॅटरीच. ७५ किलोचे विमान ५ किलोमीटर वर नेले की त्यात बरोबर १ युनिट ऊर्जा साठते. मोटरमधली गळती वाचते ती धरली, तर तीन किलोहून अधिक बॅटरीचे काम फुकटात होते. खालचे पाणी रात्री वरच्या धरणात उपसून दिवसा त्यावर वीज बनवावी, तसाच हा प्रकार आहे. इथे फक्त वेळा उलट्या.

प्रतिसाद २ : जुनी पाने

वरचा हिशेब चोख आहे, पण ‘अडचण रात्रीची’ एवढेच म्हटले तर अर्धा इतिहास सुटतो. ही विमाने कुठे आणि कशी मोडली ते पाहिले, तर रात्र हे कारण फारसे सापडत नाही.

सुरुवातीचा काळ मात्र रात्रीचाच आहे, हे मान्य. पॉल मॅक्रेडी यांच्या ‘एअरोव्हायरनमेंट’ कंपनीने ‘सोलर चॅलेंजर’ हे विमान बनवले आणि ७ जुलै १९८१ रोजी ते एका वैमानिकाला घेऊन पॅरिसजवळून निघून इंग्लिश खाडी ओलांडून गेले. या यशानंतर अमेरिकी सरकारने त्याच कंपनीला गुपचूप एक काम दिले. त्याचे नाव ‘हॅलसॉल’. १९८३ च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या ग्रूम लेक या गुप्त तळावर त्या विमानाची नऊ उड्डाणे झाली, तीही बॅटरीवर. तेव्हाचे सौरघट आणि ऊर्जा साठवण्याची साधने महिनोन्महिने उडण्याला पुरणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला आणि विमान दहा वर्षे कोठारात पडून राहिले. १९९३ मध्ये क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या कामासाठी ते बाहेर काढले गेले, पुढे नासाकडे गेले आणि ‘पाथफाइंडर’ या नावाने प्रसिद्ध झाले. लष्कराने टाकलेले मूल विज्ञान संस्थेने वाढवले, असे म्हणायला हरकत नाही.

पाथफाइंडरचा वारस ‘हेलिओस’. ७५ मीटरचा एकच सलग पंख, त्यावर १४ मोटरी, शेपटी नाही. १३ ऑगस्ट २००१ रोजी हवाईतल्या काउआई बेटावरून उडून ते २९,५२४ मीटर उंचीवर पोहोचले. त्या उंचीवरची हवा इतकी विरळ असते की तिची तुलना मंगळावरच्या हवेशी केली जाते. मग रात्रीचा प्रश्न सोडवण्यासाठी त्यावर हायड्रोजनचा इंधनघट, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारे साधन, बसवायचे ठरले. आधी वजन पंखभर पसरलेले होते. आता मधोमध जड इंधनघट आणि दोन्ही बाजूंना दूरवर हायड्रोजनच्या टाक्या अशी रचना झाली. २६ जून २००३ रोजी, उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या तासात, विमान खवळलेल्या हवेत सापडले. पंखांची टोके वर वाकली ती सरळ होईनात, नाक वरखाली झुलू लागले, झोके वाढत गेले, वेग मर्यादेबाहेर गेला आणि पंखाच्या वरच्या बाजूचे आवरण सौरघटांसह सोलून निघाले. त्या वेळी विमान केवळ हजारेक मीटर उंचीवर होते. चौकशी अहवालाचा मुख्य निष्कर्ष असा की रचना बदलल्याने धोका किती वाढला, हे मोजण्याच्या पद्धतीच पुरेशा नव्हत्या. म्हणजे रात्रीवरचे औषध दिवसाच्या पहिल्या अर्ध्या तासात बाधले.

पुढचे अपघात याच साच्यातले आहेत. गुगलने विकत घेतलेल्या कंपनीचे ‘सोलारा ५०’ हे विमान १ मे २०१५ रोजी न्यू मेक्सिकोत उड्डाणानंतर काही मिनिटांतच वर उसळणाऱ्या उष्ण हवेत सापडून मोडले. फेसबुकचे ‘अक्विला’ २८ जून २०१६ रोजी दीड तास छान उडाले आणि उतरता उतरता त्याच्या पंखाचा भाग तुटला. झेफरचे एक विमान मार्च २०१९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विंडम इथून वर चढत असताना अस्थिर हवेत ताबा सुटून पडले. यांतले एकही विमान स्थितांबरात (ढगांच्या वरच्या शांत हवेच्या थरात), अंधारात, बॅटरी संपून पडलेले नाही. कागदाइतके हलके विमान शांत हवेसाठी बनवायचे आणि त्या शांत हवेपर्यंत पोहोचायला त्याला दहा-बारा किलोमीटरच्या खळबळीतून सायकलच्या वेगाने न्यायचे, हा मूळ पेच आहे.

आणि महत्त्वाकांक्षेबद्दल सांगायचे, तर अमेरिकेच्या ‘डार्पा’ने, म्हणजे त्याच जुन्या आर्पाने, ‘व्हल्चर’ नावाचा प्रकल्प काढला होता. विमान सलग पाच वर्षे हवेत राहिले पाहिजे, अशी अट! २०१० मध्ये बोइंगला काम मिळाले, पंखविस्तार १२० मीटरच्या घरात ठरला. २०१२ मध्ये विमान बनवण्याचा बेत सोडून देण्यात आला आणि काम ऊर्जासाठवणीच्या तंत्रापुरते उरले.

प्रतिसाद ३ : टेहळणी बुरूज

प्रश्नाचा दुसरा भाग, सैन्याला यातून काय मिळते, यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे मत थोडे थंड आहे.

फायदा खरा आहे. ५०० किलोमीटर उंचीवरचा टेहळणी उपग्रह एका जागेवरून जातो, तेव्हा ती जागा त्याच्या नजरेत जास्तीत जास्त दहाएक मिनिटे राहते आणि तो कधी येणार हे शत्रूला वेळापत्रकासारखे ठाऊक असते. सौर विमान तिथेच घिरट्या घालते. ते २५ पट जवळ असल्याने त्याच कॅमेऱ्यातून २५ पट बारीक तपशील दिसतो, आणि २० किलोमीटरवरून क्षितिज सुमारे ५०० किलोमीटर लांब असल्याने संदेशवहनाचा मनोरा म्हणून ते उत्तम. शिवाय बिघडले तर खाली आणून दुरुस्त करता येते.

तरीही ते किती वजन नेते हे विचारले पाहिजे. अमेरिकेच्या ‘ग्लोबल हॉक’ या जेट ड्रोनची उपकरणे वाहण्याची क्षमता सुमारे १३६० किलो आहे आणि ते दीड दिवसाच्या आसपास उडते. ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सच्या ‘फासा-३५’ या ३५ मीटर पंखांच्या सौर विमानाची क्षमता १५ किलो आहे, झेफरची त्याहून कमी. पंधरा किलोत शक्तिशाली रडार बसत नाही आणि बसले तरी ते चालवायला वीज कुठून आणायची? वर ८०० वॅटचा हिशेब दिला आहे, त्यात रडारची भर घाला म्हणजे कळेल. क्षेपणास्त्राचे तर नावच नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. उपग्रह कोणत्याही देशावरून जाऊ शकतो, विमान जाऊ शकत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे त्याच्या हवाई क्षेत्रावर पूर्ण सार्वभौमत्व आहे आणि २० किलोमीटर उंची हे अजून हवाई क्षेत्रच मानले जाते. उंचीमुळे अभय मिळते, ही समजूतही १ मे १९६० रोजी सोव्हिएत रशियाने २१ किलोमीटरवरचे अमेरिकेचे यू-२ हे हेर विमान पाडले तेव्हाच मोडली. जून २०१९ मध्ये इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ग्लोबल हॉक पाडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चीनचा फुगा १८ किलोमीटरहून अधिक उंचीवर असताना एका क्षेपणास्त्राने फोडला. ताशी ९० किलोमीटरने जाणारे विमान यातून निसटणार नाही.

म्हणून माझ्या मते ही विमाने शत्रूच्या डोक्यावर जाण्यासाठी नाहीत. स्वतःच्या सीमेच्या आत राहून पलीकडे डोकावणे, आपल्या समुद्रावर पहारा ठेवणे, आणि उपग्रह निकामी झाले तर सैन्याचा संपर्क टिकवणे, एवढाच त्यांचा पैस आहे. अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये झेफर ६४ दिवस उडवले, तेव्हाही ते ॲरिझोनातून निघून दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन आले, रणभूमीवर गेले नाही.

चीनही या शर्यतीत आहे. त्यांच्या ४५ मीटर पंखांच्या ‘त्साइहोंग’ सौर विमानाने २०१७ मध्ये २० किलोमीटरची उंची गाठली. आणि अगदी वेगळ्या वाटेने जाणारी ‘स्कायड्वेलर’ ही कंपनी आहे. मार्च २०१५ मध्ये जगप्रदक्षिणेवर असताना अहमदाबादला उतरलेले ‘सोलर इम्पल्स २’ अनेकांना आठवत असेल. ७२ मीटर पंखांचे तेच विमान या कंपनीने घेऊन त्याला चालकविरहित केले. ते स्थितांबरात जात नाही, खालीच उडते, पण शेकडो किलो उपकरणे नेऊ शकते. लष्करी दृष्टीने मला ही वाट अधिक व्यवहार्य वाटते.

पूरक प्रश्न : गच्चीवरचा सूर्य

तिघांचेही आभार. पॅनेलचा माझा अंदाज मागे घेतो. आता साहजिक पुढचा प्रश्न: आपल्याकडे ऊन भरपूर आणि सीमाही लांबलचक. तर लडाखवर किंवा अरबी समुद्रावर असे विमान वर्षभर ठेवता येईल का?

प्रतिसाद ४ : पर्जन्यमापक

दोन्ही जागांचे उत्तर वेगवेगळे आहे.

आधी उन्हाचे बघू. अशा विमानाची कसोटी २१ डिसेंबरला लागते. त्या दिवशी मुंबईच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, लेहला ३२ अंशांवर आणि लंडनला जेमतेम १५ अंशांवर. ‘विमानविद्या’ यांनी दिलेल्या २५ चौरस मीटर सौरघटांवर लंडनवर त्या दिवसभरात १२ युनिटांच्या आसपास वीज मिळेल आणि विमानाला चोवीस तासांत लागतील १९ ते २०. म्हणजे तिथे विमान हिवाळ्यात टिकणारच नाही. मुंबईच्या अक्षांशावर मात्र ४० युनिटांच्या पुढे मिळकत होते, म्हणजे उत्पन्न खर्चाच्या दुप्पट. लेह मधे कुठेतरी बसते, पण तिथे रात्र चौदा तासांची असल्याने बॅटरी अधिक लागते. केनियात विषुववृत्तावर तळ का उभारला, हे यावरून कळते. तिथे वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात.

आता वारा. जगात बहुतेक ठिकाणी १८ ते २२ किलोमीटरच्या पट्ट्यात वारे त्यामानाने मंद असतात आणि ही विमाने तिथे राहतात ती त्यासाठीच. पण तिथवर जायच्या वाटेवर आपल्याकडे दोन दरवाजे आहेत आणि ते आळीपाळीने बंद होतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून येणारे झोतवारे, म्हणजे अरुंद पट्ट्यात अतिवेगाने वाहणारे वारे, असतात. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावर १४ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा झोतवारा वाहतो, ज्याचे वर्णन आपलेच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केले. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जाणे नेहमीचे आहे. त्या उंचीवर चढणाऱ्या सौर विमानाचा स्वतःचा वेग ताशी साठच्या आसपास. म्हणजे जुलैत कर्नाटकातून सोडलेले विमान नाक पूर्वेकडे करूनही मागे मागे जात अरबी समुद्रावर पोहोचेल! त्यात पावसाळी ढगांचे माथे १६ किलोमीटरपर्यंत जातात. तेव्हा समुद्रावर पहारा ठेवायचा असेल, तर विमान एप्रिलमध्ये, पाऊस यायच्या आधी वर पाठवून पावसाळाभर खाली न उतरवणे हाच उपाय दिसतो. म्हणजे सलग पाच-सहा महिने.

आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, यावर काम सुरू केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरे चाचणी क्षेत्रावर १२ मीटर पंखांचे, २३ किलोच्या आतले छोटे प्रारूप साडेआठ तास उडाले आणि ३ किलोमीटर उंचीवर गेले. पूर्ण आकाराचे विमान सुमारे ३० मीटर पंखांचे असावे आणि ९० दिवस वर राहावे, असे उद्दिष्ट आहे. साडेआठ तास हा दिवसाचा हिशेब झाला. रात्रीची परीक्षा आणि स्थितांबराची चढाई अजून पुढे आहे. त्याखेरीज बंगळुरूचीच एक खासगी कंपनी आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स मिळूनही अशा विमानावर काम करत आहेत.

प्रतिसाद ५ : विमानविद्या

‘जुनी पाने’ यांचा आक्षेप मान्य करतो. मी रात्रीवर भर दिला आणि खालच्या हवेला विसरलो. मात्र त्यांनी सांगितलेल्या पाच वर्षांच्या प्रकल्पाबद्दल आणि ‘पर्जन्यमापक’ यांच्या सहा महिन्यांच्या सूचनेबद्दल एक भर घालावीशी वाटते.

सौर विमानाची बॅटरी रोज पूर्ण भरते आणि रोज जवळजवळ रिकामी होते. म्हणजे ६७ दिवसांच्या उड्डाणात ६७ फेऱ्या, आपल्या पावसाळ्यासाठी १८० आणि पाच वर्षांसाठी १८०० हून अधिक. किलोमागे जास्तीत जास्त ऊर्जा साठवणारी रसायने हीच नेमकी लवकर झिजणारी आहेत. लिथियम-गंधक आणि सिलिकॉनचे ऋणाग्र ही दोन्ही भरताना-रिकामी होताना फुगतात, आकसतात आणि दर फेरीला थोडी क्षमता गमावतात. टिकाऊ रसायने आहेत, पण ती जड. आपल्या उदाहरणातल्या १० युनिटांच्या बॅटरीची क्षमता २० टक्क्यांनी घटली, तर रात्रीचे शेवटचे अडीच तास विमानाकडे वीज नसते आणि ते घसरत खाली येऊ लागते. उंचीची ती १ युनिटाची शिल्लक त्यातला दीडेक तास भरून काढेल. उरलेल्या तासात विमान आणखी तीनेक किलोमीटर खाली, म्हणजे नेमके त्या झोतवाऱ्याच्या उंबरठ्यावर येईल. त्यामुळे पावसाळ्यासाठी विमान एप्रिलमध्ये सोडायचे असेल, तर बॅटरीचे वजन एप्रिलच्या नव्या क्षमतेवर न ठरवता सप्टेंबरच्या झिजलेल्या क्षमतेवर ठरवावे लागेल, आणि ते पाच-सहा किलो कॅमेऱ्याच्या वाट्यातून जातील.